नांव हरपलेल्या तसबिरी

मुंबईच्या चोरबाजारांत जुन्या वस्तूंच्या दुकानांतून जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या जुन्या तसबिरी विकावयास असतात. १८५४ सालीं पॅरिसच्या दिझ्देरीनें एकाच काचेवर अनेक लहान प्रतिमा उतरविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. तसबीर काढविणें स्वस्त झालें व तें लोण आपल्याकडेही आलें. १८९६ सालीं राजा दीनदयाळ यांनीं मुंबईंत आपला स्टुडिओ थाटला.

अशा तसबिरी जमविण्याचा छंद कित्येकांस निरर्थक वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. पगडी, नथ, लुगड्याचें नेसणें यांवरून त्या काळचा समाज डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु पुठ्ठ्यावर स्टुडिओचें नांव सोनेरी अक्षरांत झळकत असतां, खुर्चीवर बसलेल्या गृहस्थाचें नांव बहुधा कोठेंच नसतें! संग्राहक तसबीर वांचवूं शकतो. हरपलेलें नांव त्यास परत आणतां येत नाहीं. तें काम घरच्यांचेंच.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या सुटींत आजीजवळ बसा आणि घरांतील प्रत्येक जुन्या तसबिरीच्या पाठीमागें, कडेला, मऊ शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें नांव, गांव व साल लिहा. शाई वापरूं नका. ती पुढील बाजूस उमटण्याचें भय असतें. पालकांनींही हें काम उद्यांवर टाकूं नये. ओळखणारे डोळे मिटले म्हणजे आपले पणजोबाही आपणांस परके होतात.