जुन्या खेळगाडीची मोटार

लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीनें १९३८ सालीं ‘हॉर्नबी डब्लो’ या नांवाच्या छोट्या आगगाड्या विक्रीस आणल्या. त्यांतील विजेच्या गाड्या तीन रुळांवर, बारा व्होल्टच्या प्रवाहानें धांवत. हें उत्पादन १९६४ सालीं बंद पडलें. तेव्हां ज्यांच्या घरीं आजोबांनीं विलायतेहून आणलेलें असें एंजिन असेल, त्यांनीं तें उघडण्यापूर्वीं थोडें थांबावें. झिजेपेक्षां उतावळ्या दुरुस्तीनेंच अधिक मोटारी गेल्या असाव्यात, असें आम्हांस वाटतें.

एंजिन मंदावलें कीं लोक तेल ओततात. हा पहिला प्रमाद. आर्मेचरवर तांब्याचे तीन तुकडे असतात, तो कॉम्युटेटर. त्यावर दोन ब्रश घासून प्रवाह आंत पोंचवितात. (ब्रश म्हणावयाचें, पण केस कोठेंच नाहींत! पूर्वीं तारांचे झुबके वापरीत, त्यावरून हें नांव राहिलें.) ब्रश कार्बनचे, म्हणजे मऊ, झिजावें तें त्यांनीं, तांब्यानें नव्हे, अशी ही योजना. परंतु त्यांची काळी पूड तेलांत कालवली म्हणजे तो चिखल तुकड्यांमधील फटींत बसतो, व प्रवाह वेढ्यांत न शिरतां परस्पर निघून जातो. म्हणून तेल बेअरिंगांसच द्यावें, तेंही सुईच्या अग्रानें एकेक थेंब. फटी बांबूच्या टोकदार काडीनें कोराव्या. स्पिरिट जपून वापरावें; जुन्या वेढ्यांवर लाखेचें रोगण असल्यास तें विरघळतें. आंखूड झालेला ब्रश बदलावा; स्प्रिंग ताणून काम भागविणें ही खोटी काटकसर होय.

मीटर असल्यास तांब्याचे दोन-दोन तुकडे धरून रोध मोजावा. तिन्ही आंकडे जवळजवळ सारखे आले तर वेढे बहुधा शाबूत समजावे.

खरा घात होतो तो चुंबकाचा. जुना चुंबक उघडा ठेवून आर्मेचर बाहेर काढलें कीं त्याची शक्ति घटते. याकरितां आर्मेचर सरकवितांनाच ध्रुवांवर मऊ लोखंडाची पट्टी आडवी घालावी, व तें पुनः आंत जाईपर्यंत काढूं नये. दुर्बळ चुंबकाची खूण फसवी आहे. मोकळें एंजिन पूर्वीपेक्षां वेगानें पळतें, मुलें टाळ्या पिटतात, आणि चार डबे जोडतांच तें तापून उभें राहतें. तेथें नव्या ब्रशांचा उपयोग नाहीं. चुंबकच पुनः भारून घ्यावा लागतो. हल्लीं कोणी निओडिमियमचे चिमुकले चुंबक बसवितात. तसें केल्यास काढलेला मूळ चुंबक टाकूं नये, पट्टीसह डबींत ठेवावा.