कौलारू छपराची पन्हळ आणि शिशाचा मोह

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील पुष्कळ सभासद बंधूंच्या वखारी व राहती घरे अद्याप मंगळुरी कौलांची आहेत. वैशाखात शाकारणी होते, फुटकी कौले बदलली जातात, आणि तरीही आषाढात पाणी ठिबकतेच. माझ्या मते बहुधा दोष कौलांचा नसतो. मूळ वखार व मागाहून जोडलेला भाग यांची दोन पाखी जेथे कोनात मिळतात, तेथील खोलगट पन्हळ हेच खरे दुखणे होय. दोन्ही पाख्यांचे पाणी तेथे एकवटते. गहू वा ज्वारी दीर्घकाळ टिकावयाची तर ओलावा शेकडा १२ च्या आसपासच असावा लागतो. पन्हळीखालील थप्पी भिजली की पोती आतून तापतात, बुरशी धरते, आणि त्या वासामुळे शेजारचा कोरडा मालही गिऱ्हाईक नाकारते. निपाणीकडील तंबाखूच्या वखारवाल्यांस हे निराळे सांगावयास नको.

या पन्हळीत शिशाचा पत्रा घालावा, असा सल्ला माझ्या एका आप्तांस जुन्या वाड्याच्या दुरुस्तीच्या वेळी मिळाला. इंग्लंडात पाटीच्या दगडाच्या छपरांवर शेकडो वर्षे शिसेच वापरीत आले आहेत, हे खरे. ते मऊ असते, हवे तसे वळते व सहसा गंजत नाही. परंतु सव्वादोन मिलिमीटर जाडीचे शिसे चौरस मीटरला सुमारे २५ किलो भरते. उन्हाने ते पोलादाच्या दुपटीहून अधिक पसरते, यास्तव लांबच लांब तुकडा खिळून टाकल्यास पुढेमागे तडा जातो. शिवाय शिसे हे विष आहे, आणि छपराचे पाणी आपल्यापैकी कित्येक जण हौदात किंवा आडात सोडतात. पेट्रोलमधील शिसे आपल्या देशाने २००० साली बंद केले. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घातली. मग तेच आपण होऊन माथ्यावर का चढवावे?

तांबे उत्तम खरे, पण महाग. आणि त्यावरून वाहिलेले पाणी खालच्या जस्ती पत्र्यावर पडले तर त्यावरील जस्त खाऊन टाकते. अ‍ॅल्युमिनियम हलके असले तरी ओल्या सिमेंट-चुन्याशी त्याचे जमत नाही. नुसत्या सिमेंटने पन्हळ लिंपण्याची आपल्याकडील रीत तर मला मुळीच मान्य नाही. उन्हाळ्यात ते तडकते, पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी उतरते, आणि दरवर्षी गवंड्याची मजुरी मात्र आपण बिनतक्रार देतो!

राहिले जस्ती पत्रा व स्टेनलेस स्टील. जस्ती पत्रा घ्यावयाचा तर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असलेला घ्यावा. माझा कौल मात्र स्टेनलेस स्टीलला, तेही ३०४ क्रमांकाच्या. पन्हळीला लागणारा पत्रा तो किती! संपूर्ण छपराच्या खर्चात ती रक्कम किरकोळ, आणि तिच्याखाली ठेवलेल्या मालाची किंमत आपण जाणतोच. येथे एक सावधगिरी हवी. लोहचुंबक चिकटत नाही एवढ्यावरून माल ३०४ चा ठरत नाही. स्वस्तातल्या २०२ लाही तो सहसा चिकटत नाही. बिलावर क्रमांक लिहून घ्यावा.

पत्रा वाकवून देणारे कारखाने बेळगावात उद्यमबागेत आहेत. पन्हळीच्या मध्यभागी इंचभर उंच घडी काढून घ्यावी, म्हणजे मोठ्या पाख्याचे पाणी जोराने येऊन पलीकडच्या कौलांखाली शिरणार नाही. वरचा तुकडा खालच्यावर निदान सहा इंच चढलेला असावा. पाणी वाहते तेथे एकही खिळा नको. पत्रा कडेला पट्ट्यांनी धरावा. कौलांच्या कडा दोन्ही बाजूंनी मागे कापून हात जाईल एवढी वाट मोकळी ठेवावी. मृग लागण्यापूर्वी तीतील पालापाचोळा एकदा काढावा, व श्रावणात पुन्हा एकदा.

संस्थेने सभासदांची मागणी एकत्र करून ३०४ चा पत्रा घाऊक दराने आणावा, अशी माझी कार्यकारी मंडळास सूचना आहे. बारदान आपण एकत्र घेतो, तसाच हाही घेता येईल.