पुस्तक हातातून का सुटले?



वृद्ध आईवडिलांना घेऊन दवाखान्यात येणारी मुले रक्तदाब सांगतात, साखर सांगतात, झोप आणि पोट यांचा हिशेब देतात. ‘हल्ली बाबा वाचत नाहीत’ ही तक्रार मात्र क्वचितच कोणी करते. केलीच, तर खुर्चीवरून उठता उठता करते, आणि ‘वय झालं आता’ हा निकालही स्वतःच देऊन टाकते. आजच्या लेखात मला या निकालावर अपील करायचे आहे. ज्या व्यक्तीने आयुष्यभर वाचले, तिचे वाचन सुटणे हे तापासारखेच एक लक्षण आहे. त्याचे कारण शोधावे लागते, आणि पुष्कळदा ते सापडते व दूरही करता येते.

या विषयाकडे मी थोड्या अनपेक्षित वाटेने येणार आहे. ती वाट म्हणजे इंग्रजीतील प्रदीर्घ अद्भुतरम्य कादंबरीमालिका. नातवंडांच्या तोंडी ड्रॅगन, जादूगार आणि हरवलेली राज्ये यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतीलच. ही मुले एकमेकांशी तासन्‌तास बोलतात: कोणता खंड आधी वाचावा, कोणता कंटाळवाणा आहे, लेखक पुढचा भाग कधी लिहिणार, ई-पुस्तक घ्यावे की छापील. हे वेड आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्या पुढच्या पुस्तकासाठी ग्रंथालयात खेपा घालणारी पिढी तुमचीच. पात्रे ओळखीची झाली की वाचक त्यांच्या घरी पुन्हा पुन्हा जातो, एवढेच मालिकेचे रहस्य.

दीर्घ वाचन आणि दीर्घ आयुष्य

वाचनाचा आरोग्याशी संबंध आहे का? अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये पन्नाशीपुढील ३,६३५ व्यक्तींची माहिती तपासली. बारा वर्षांच्या पाठपुराव्यात पुस्तके वाचणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. नियतकालिके वाचण्यापेक्षा पुस्तके वाचण्याशी हा संबंध अधिक ठळक होता. हे निरीक्षण आहे. पुस्तकामुळेच आयुष्य वाढले, असे त्यातून सिद्ध होत नाही. जे मुळात सुदृढ असतात तेच अधिक वाचतात, हेही शक्य आहे. तरीही उद्या पुढचे प्रकरण वाचायचे आहे म्हणून सकाळी उठावेसे वाटणे, याचे मोल मी रोज पाहतो.

डोळे, गोळ्या आणि साखर

पुस्तक सुटण्याचे पहिले कारण डोळ्यांत शोधावे. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एकतृतीयांश असतो. म्हणून नातवाला पुरणारा दिवा आजोबांना पुरत नाही. मोतीबिंदूत अक्षरे धुरकट होतात आणि दिव्याभोवती चकाकी दिसते. शस्त्रक्रियेने हा दोष जातो. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाली, तर सरळ ओळ वाकडी दिसते किंवा शब्दाचा मधलाच भाग पुसला जातो. खिडकीचे गज एकेक डोळा झाकून पाहा. ते वाकडे दिसले तर नेत्रतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जा.

मधुमेही व्यक्तींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रक्तातील साखर फार वरखाली होत असेल, तर डोळ्याच्या भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते आणि चष्म्याचा नंबरही बदलतो. साखर स्थिरावण्यापूर्वी घेतलेला नवा चष्मा पुढे निरुपयोगी ठरतो. सर्दीच्या, ॲलर्जीच्या, वारंवार लघवीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी जवळचे धूसर दिसते किंवा मन एकाग्र होत नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका. सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

चष्मा बदलूनही उपयोग होत नाही तेव्हा

येथे मला टेरी प्रॅचेट या इंग्लिश लेखकाविषयी सांगायचे आहे. ‘डिस्कवर्ल्ड’ या त्यांच्या विनोदी अद्भुतमालेत ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली १९८३ मध्ये आली, शेवटची त्यांच्या मृत्यूनंतर २०१५ मध्ये. डिसेंबर २००७ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी, त्यांनी आपल्याला मेंदूच्या मागील भागाची झीज होणारा अल्झायमरचा एक विरळा प्रकार झाल्याचे जाहीर केले. पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावणारे केंद्र मेंदूच्या या मागील भागात असते. त्यामुळे या आजारात डोळे निर्दोष असूनही वाचताना ओळ हरवते, समोरच्या टेबलावरची किल्ली सापडत नाही, जिन्याच्या पायऱ्यांचा अंदाज चुकतो. सुरुवातीला स्मरणशक्ती बरीच शाबूत असते, म्हणून स्मृतिभ्रंशाची शंका कोणालाच येत नाही आणि रुग्ण एका चष्म्याच्या दुकानातून दुसऱ्यात फिरत राहतो.

हा आजार विरळा आहे, हे खरे. पण चष्मा योग्य आहे, मोतीबिंदू नाही, तरी वाचता येत नाही, असे कोणी सांगत असेल, तर पुढचा दरवाजा मेंदूविकारतज्ज्ञाचा आहे, हे काळजीवाहकांनी जाणावे. प्रॅचेट यांना टंकलेखन अशक्य झाले, तेव्हा ते तोंडी सांगून लिहवू लागले आणि निदानानंतर सात वर्षांहून अधिक काळ, म्हणजे मार्च २०१५ पर्यंत जगले. त्या काळात त्यांनी अनेक कादंबऱ्या पूर्ण केल्या. हात थांबले तरी गोष्ट थांबली नाही.

नावे विसरणे: किती स्वाभाविक?

रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या मालिकेचे १४ मुख्य खंड आहेत, शब्दसंख्या सुमारे ४४ लाख, आणि नावाने ओळखली जाणारी पात्रे दोन हजारांहून अधिक. विशीतल्या वाचकालाही ती सगळी आठवत नाहीत. म्हणून तर प्रत्येक खंडाच्या अखेरीस शब्दसूची दिलेली असते. मधले काही खंड संथ आहेत, याबद्दल या मालिकेचे निष्ठावंत वाचकही एकमेकांत कुरकुरतात आणि पाने उलटतात. तुम्हीही उलटा. कंटाळवाणे प्रकरण सोडण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.

तेव्हा ‘हा कोण होता बरे?’ असा प्रश्न पडणे आणि कोणी सांगितल्यावर आठवणे, हे वयानुरूप आहे. काळजी करावी ती पुढील गोष्टींची: काल वाचलेले प्रकरण वाचल्याचेच आठवत नाही, गोष्टीचा धागा नेहमी तुटतो, आणि दूरचित्रवाणीवरील मालिकेचाही तुटतो, सरावाचे यंत्र वापरता येईनासे होते, ओळखीच्या गल्लीत वाट चुकते. अशा वेळी तपासणी करून घ्यावी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा मंदपणा आणि कमी ऐकू येणे ही दुरुस्त होण्याजोगी कारणे आधी पाहिली जातात.

याच यादीत उदासीनता येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ आवडते पुस्तकही नकोसे वाटणे, त्याबरोबर झोप आणि भूक बिघडणे, हे नैराश्याचे लक्षण असू शकते. जोडीदाराच्या मृत्यूनंतर पुस्तक मिटून ठेवलेली माणसे मी अनेक पाहिली आहेत. ‘जरा वाचा म्हणजे बरे वाटेल’ हा उपदेश तेथे उलटा पडतो. आधी उपचार, मग वाचन परत येते.

ई-पुस्तक: कोणासाठी, कसे?

सातशे-आठशे पानांचा खंड सांधेदुखीच्या बोटांत धरवत नाही, आणि निजून वाचताना छातीवर जड होतो. ई-रीडर साधारण दोनशे ग्रॅमचा असतो, अक्षर हवे तेवढे मोठे होते आणि एखादे नाव शोधले की ते पात्र पूर्वी कोठे आले ते दिसते. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तके रीतसर आली. बुकगंगासारख्या मराठी संकेतस्थळांवरही ई-पुस्तके मिळतात. हॅरी पॉटर आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यांचे छापील मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांनी तेथून प्रारंभ करावा.

घेण्यापूर्वी आणि वापरताना हे पाहा:

१. आधी विनामूल्य नमुना उतरवून अक्षर मोठे करून बघा. छापील पानांची जशीच्या तशी छायाचित्रे असलेल्या पुस्तकात अक्षर वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते. असे पुस्तक वृद्धांसाठी घेऊ नये.

२. चौदा खंडांचा संच एकदम घेऊ नका. पहिला वाचून होऊ द्या. एका स्पर्शात खरेदी होत असल्याने नकळत पैसे जातात. त्या सोयीला पासवर्डचे कुलूप लावा. ‘खाते बंद होईल’ असा फोन करून ओटीपी मागणारा माणूस पुस्तकविक्रेता नसतो.

३. ई-पुस्तक विकत घेतले म्हणजे बहुधा वाचण्याचा परवाना घेतला. २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकल्या होत्या. पुढे कंपनीने माफी मागितली. जे पुस्तक घरात पिढ्यान्‌पिढ्या राहावे असे वाटते, ते छापीलच घ्या.

४. रात्री चकाकणारा टॅब नको. बोस्टन येथील २०१४ मधील एका छोट्या प्रयोगात, निजण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्या बारा निरोगी तरुणांना छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली आणि झोपेचे संप्रेरक कमी स्रवले. ज्यांची झोप आधीच हलकी आहे, त्यांनी कागदासारखा, स्वतः न उजळणारा पडदा निवडून बाहेरून दिवा लावावा.

५. दर वीस मिनिटांनी पुस्तक खाली ठेवा, दूर बघा, पापण्या मुद्दाम मिटा. एकटक वाचताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. तासाभराने उठून घरात चार फेऱ्या मारा. पायांवर सूज येणाऱ्यांनी तर अवश्य.

ज्यांची दृष्टी शस्त्रक्रियेनेही परत येणार नाही, त्यांनी कानांनी वाचावे. स्टोरीटेलसारख्या सेवांवर मराठी श्राव्य पुस्तके आहेत. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. तेथे नोंदणीसाठी घरच्यांनी मदत करावी.

घरातल्यांसाठी

माझ्या एका रुग्ण आजींनी बंगळुरूच्या नातीबरोबर अशीच एक मालिका सुरू केली. अट एकच: पुढचे कोणी सांगायचे नाही. रविवारच्या फोनवर ‘आजी, जेवलीस का?’ याच्या जागी ‘आजी, कुठवर आलीस?’ हा प्रश्न आला. दोन आठवडे उत्तर आले, ‘अजून तिथेच आहे गं.’ नातीने ते हसण्यावारी न नेता आईला सांगितले. तपासणीत दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. शेजारच्या मैत्रिणीला आजी इतके दिवस ‘गोष्टच रटाळ आहे’ असे सांगत होत्या. शस्त्रक्रिया झाल्यावर गोष्ट बरी वाटू लागली.

आणखी एक काम या निमित्ताने उरका. रॉबर्ट जॉर्डन यांना हृदयाच्या स्नायूत विकृत प्रथिन साचण्याचा आजार झाला, आणि २००७ मध्ये वयाच्या ५८व्या वर्षी मालिका अपुरी ठेवून ते गेले. पण जाण्यापूर्वी त्यांनी शेवट कसा व्हावा हे कुटुंबीयांना सांगून, टिपणे करून ठेवले होते. त्यांच्या पत्नी, ज्या त्यांच्या संपादकही होत्या, त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे काम सोपवले आणि २०१३ मध्ये चौदावा खंड वाचकांच्या हाती आला. आपल्याला राज्ये आणि ड्रॅगन सांभाळायचे नाहीत. पण औषधांची यादी, विम्याची कागदपत्रे, खात्यांचे पासवर्ड आणि अतिदक्षता विभागातील उपचारांविषयी आपली इच्छा, हे एका वहीत लिहून ती वही कोठे आहे ते दोघांना सांगून ठेवावे. बोलण्याची ताकद असताना हे बोलणे सोपे जाते.

तेव्हा येत्या रविवारी घरातील ज्येष्ठांना विचारा: सध्या काय वाचता, आणि कुठवर आलात? उत्तर पुस्तकाच्या नावाने आले तर पुढचा खंड आणून द्या. ‘वाचवत नाही’ असे आले तर त्यांना घेऊन या.