मोजणारा उभा कुठे आहे?

४६,६३७ आणि ९,९८९. एकाच प्रोग्रॅममधल्या एकाच फंक्शनच्या कॉलचे हे दोन आकडे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

फंक्शन साधे आहे. चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक एकदा उतरत्या आणि एकदा चढत्या क्रमाने मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत दाखवले की, ही वजाबाकी पुन्हा पुन्हा केली की शेवटी ६१७४ वर येऊन थांबते. चारही अंक सारखे असलेल्या संख्या तेवढ्या वगळायच्या. २००५ घेतली तर ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. सातापेक्षा जास्त वजाबाक्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत. शून्याने सुरू होणाऱ्या धरून अशा ९,९९० संख्या आहेत. प्रत्येकीला ६१७४ पर्यंत नेले आणि वजाबाकीच्या फंक्शनवर कॉल मोजणारे वेष्टन, म्हणजे रॅपर, चढवले तर काउंटर ४६,६३७ वर थांबतो.

आता त्याच फंक्शनवर आणखी एक रॅपर चढवू : एकदा काढलेले उत्तर लक्षात ठेवणारा कॅशचा. काउंटर कॅशच्या बाहेर असेल तर आकडा तोच राहतो. काउंटर कॅशच्या आत, मूळ फंक्शनला लागून असेल तर ९,९८९ येतो, कारण ६१७४ सोडून प्रत्येक संख्येची वजाबाकी एकदाच खरोखर होते. पायथनमध्ये हा फरक म्हणजे डेकोरेटरच्या दोन ओळींची अदलाबदल. पहिला आकडा मागणी किती झाली ते सांगतो, दुसरा काम किती झाले ते. काउंटर कुठे बसवला होता हे लिहिले नसेल तर दोन्हींपैकी कोणताही आकडा वाचणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. या महिन्याचे संपादकीय त्या एका सवयीसाठी आहे.

मुळात कॉल मोजायचेच कशाला, घड्याळ लावले की झाले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. घड्याळाचा आकडा मात्र मशीनचा असतो. तोच प्रोग्रॅम, तोच डेटा, तरी शेजारच्या मशीनवर वेळ वेगळा येतो आणि त्याच मशीनवर दुसऱ्यांदा चालवला तरी वेगळा येतो. कॉलची संख्या तशी हलत नाही. सी प्लस प्लसमधल्या एसटीएलचे जनक अलेक्झांडर स्टेपानोव्ह आपल्या अभ्यासक्रमात कॉपी, असाइनमेंट, तुलना असे प्रत्येक ऑपरेशन मोजणारा टेम्प्लेट क्लास वापरत. कोणत्याही प्रकाराभोवती तो गुंडाळायचा आणि अल्गोरिदम त्यावर चालवायचा. सी प्लस प्लसच्या मानकात अल्गोरिदमच्या तुलनांवर मर्यादा घातलेल्या आहेत, त्या अशा क्लासने कोणालाही तपासून पाहता येतात. हजार घटकांतला सर्वांत लहान शोधायला नेमक्या ९९९ तुलना. लहान आणि मोठा वेगवेगळे शोधले तर १,९९८. दोन्ही एकदम देणारे मिनमॅक्स एलिमेंट वापरले तर जास्तीत जास्त १,४९८, कारण ते घटक जोडीने घेते : आधी आपसात तुलना, मग जोडीतला लहान फक्त लहानाशी आणि मोठा फक्त मोठ्याशी. पाचशे तुलना कुठे वाचल्या, हे विद्यार्थ्याला काउंटर दाखवतो. घड्याळावर हा फरक कित्येकदा गोंगाटात बुडून जातो.

तुलना करणारे फंक्शन हाती असले की त्याच्या पलीकडेही जाता येते. डग मॅकिलरॉय यांनी १९९९ मध्ये असे तुलना-फंक्शन लिहिले, की ते क्विकसॉर्टला उत्तरे देता देता त्याच क्विकसॉर्टसाठी सर्वांत वाईट डेटा रचत जाते. मोजणारा आणि पाहणारा एकच झाला की काय काय करता येते, याचा हा अतिशय सुंदर नमुना आहे.

आता रॅपर क्लासची खरी अडचण. जॉशुआ ब्लॉक यांच्या २००१ च्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकातले उदाहरण सगळ्यांनी एकदा हाताने चालवून पाहावे. हॅशसेटपासून वारसा घेऊन एक क्लास करायचा, एक घटक भरणाऱ्या ‘ॲड’मध्ये काउंटर एकने वाढवायचा आणि अनेक घटक एकदम भरणाऱ्या ‘ॲडऑल’मध्ये घटकांच्या संख्येने. मग तीन घटक एकदम भरायचे. काउंटर दाखवतो सहा. कारण हॅशसेटचे ‘ॲडऑल’ आतून ‘ॲड’लाच बोलावते आणि ते ‘ॲड’ आता आपण बदललेले असते. वारशातून आलेला काउंटर असा घराच्या आतल्या बोलण्यातही सापडतो. ब्लॉक यांचा उपाय रॅपर क्लासचा : सेट पोटात ठेवायचा आणि प्रत्येक कॉल त्याच्याकडे पुढे पाठवायचा. मग आकडा तीन येतो.

पण याच उपायाची दुसरी बाजूही शिकवली पाहिजे. पोटातला ऑब्जेक्ट स्वतःच्याच मेथडला बोलावतो तेव्हा तो कॉल रॅपरकडे येत नाही. त्याला रॅपरचा पत्ताच नसतो. जावाची स्प्रिंग ही चौकट वापरणाऱ्या अनेकांना हे ट्रान्झॅक्शनच्या निमित्ताने कळते : एकाच क्लासमधली एक मेथड दुसरीला बोलावते आणि दुसरीवर लिहिलेले ट्रान्झॅक्शन लागूच होत नाही, कारण नेहमीच्या मांडणीत ते प्रॉक्सीतून, म्हणजे स्प्रिंगने चढवलेल्या रॅपरमधून, येणाऱ्या कॉललाच लागते. कॉल मोजणाराही तिथेच फसतो. मेथड हजार वेळा चालली असेल आणि काउंटर एक म्हणत असेल. वारसा की वेष्टन, हा प्रश्न म्हणूनच शैलीचा नाही. आतले कॉल मोजायचे आहेत की बाहेरून आलेले, हे आधी ठरवायचे आणि मग रचना निवडायची.

सी प्लस प्लसमध्ये नवशिक्यांना हटकून सापडणारा खड्डा वेगळा आहे. तुलना करणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये काउंटर ठेवला, तो सॉर्टला दिला आणि शेवटी छापला, तर शून्य. सॉर्ट त्या ऑब्जेक्टची प्रत घेते. मोजणी प्रतीत होते आणि प्रत नष्ट होते. काउंटर बाहेर ठेवून ऑब्जेक्टमध्ये त्याचा संदर्भ द्यायचा, किंवा सी प्लस प्लस ११ पासून मिळालेले ‘रेफ’ वापरायचे. पायथनची खाच आणखी निराळी. तिथे ‘लहान आहे का’ ही तुलना करणारी मेथड ऑब्जेक्टवर नव्हे, क्लासवर शोधली जाते. त्यामुळे अनोळखी नावाचा प्रत्येक कॉल आत ढकलणारा सोयीचा रॅपर तुलनांच्या वेळी कामाला येत नाही; ती मेथड रॅपरच्या क्लासमध्ये स्वतः लिहावी लागते.

थ्रेड आले की साधा ‘एकने वाढव’ही भरवशाचा राहत नाही. दोन थ्रेड एकच जुना आकडा वाचतात, दोघेही एक मिळवून लिहितात आणि एक कॉल हरवतो. जावामध्ये २००४ पासून ॲटॉमिकलाँग आहे आणि खूप थ्रेड एकाच काउंटरवर तुटून पडत असतील तर २०१४ च्या जावा ८ मधला लाँगॲडर आहे. तरीही मोजणी आणि वेळ एकाच फेरीत घेऊ नयेत. रॅपरमुळे कॉल महाग होतो आणि कंपायलरला इनलाइन करण्याची संधीही जाऊ शकते. १९८२ मध्ये जाहीर झालेल्या जीप्रॉफ या प्रोफायलरने निदान दोन्हींच्या पद्धती वेगळ्या ठेवल्या होत्या : कॉलची संख्या प्रत्यक्ष मोजून, वेळ मात्र ठरावीक अंतराने नमुने घेऊन.

हे सगळे उस्मानपुऱ्यातून लिहिण्याला कारण आहे. स्टेशन रोडवर १९६० मध्ये सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतनही याच भागात आहे, आणि इथून शिकून बाहेर पडणाऱ्यांसाठी वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहती जवळ आहेत. तिथल्या प्रेसवर स्ट्रोक मोजणारा काउंटर असतो. तो प्रेस किती वेळा खाली आली ते सांगतो. चांगले नग किती निघाले ते तपासणीच्या टेबलावर कळते. शॉपफ्लोअरवर हे दोन आकडे कोणी एका रकान्यात लिहीत नाही. सॉफ्टवेअरच्या प्रॅक्टिकलमध्ये तीच शिस्त का नसावी?

जर्नलमध्ये ‘एक्झिक्युशन टाइम’चा एक आकडा लिहून सही घेण्याची पद्धत ठिकठिकाणी चालते. या मासिकाचा शिक्षकांना आग्रह आहे की, त्या आकड्याच्या शेजारी कॉलची संख्या यावी, काउंटर कोणत्या थरावर होता ते यावे आणि प्रोग्रॅम चालवण्याआधी विद्यार्थ्याने वर्तवलेला आकडाही यावा. सुरुवातीला पायथनचे सॉर्ट पुरे. आधीच क्रमात असलेल्या हजार घटकांना ९९९ तुलना लागतात. काटेकोर उलट्या क्रमातल्या हजारांनाही ९९९च, कारण टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेली ही पद्धत उतरती रांग ओळखून ती सरळ उलटवते. उलट्या क्रमासाठी बहुतेक विद्यार्थी बराच मोठा आकडा वर्तवतील. तो चुकल्यावर सॉर्टच्या आत नेमके काय घडले हे त्यांनी शोधावे, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच असावा.