शोधक आणि द्रव्यदाता

प्रयोगशाळेत यंत्र चालू लागले म्हणजे शोधकाचे कार्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः खरी अडचण तेथून पुढेच सुरू होते. नमुन्याचे एक यंत्र आणि कारखान्यातून बाहेर पडणारी हजारो यंत्रे यांच्यामध्ये काही वर्षे जातात. त्या काळात अवजारे घ्यावी लागतात, वेतन द्यावे लागते, दोष शोधून दूर करावे लागतात; विक्रीचा मात्र एक रुपयाही हाती येत नाही. हा भार कोणी वाहावयाचा?

मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांना हा प्रश्न आयुष्यभर भेडसावीत राहिला. छपाईचे खिळे ओतणारे त्यांचे यंत्र कल्पक होते. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने, जमशेटजी टाटांचे पुत्र रतन टाटा यांनी त्यांना भांडवल पुरविले. परंतु तो आधार प्रायः एका उदार व्यक्तीचा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो संपला आणि भिसे अमेरिकेस गेले.

याउलट उदाहरण चंदीगढच्या परिसरात आढळते. १९६५ साली दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, संचालक मनमोहन सुरी यांच्या प्रेरणेने, लहान ट्रॅक्टरचा आराखडा हाती घेण्यात आला. चंद्रमोहन व त्यांचे सहकारी त्यावर झटत होते. त्या काळी देशातील ट्रॅक्टर-कारखाने परदेशी आराखड्यांवर अवलंबून होते. चंदीगढजवळील पिंजोर येथे सरकारी एचएमटीनेही झेकोस्लोव्हाकियाच्या ‘झेटर’चा आराखडा स्वीकारला. अशा वेळी घरच्या, बाजारात न पारखलेल्या यंत्रावर पैसा लावणे धाडसाचेच होते. ते धाडस पंजाब राज्य औद्योगिक विकास महामंडळाने केले. १९७० साली पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९७४ साली मोहाली येथून ‘स्वराज ७२४’ हा ट्रॅक्टर बाहेर पडला.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. महामंडळाने केवळ आराखडा घेतला नाही. चंद्रमोहन व त्यांचे काही सहकारी प्रयोगशाळा सोडून कारखान्यात आले. कागदावर न उतरणारे ज्ञान माणसांबरोबरच प्रवास करते. दुसरी गोष्ट अशी की, शोधकांनीही सुरक्षित नोकरी सोडून जोखमीतील आपला वाटा उचलला.

सार्वजनिक पैसा जुगारात लावू नये, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावरील उपाय पैसा अडवून ठेवणे हा नव्हे. शेतावर चाचण्या घ्याव्यात, टप्प्याटप्प्याने रक्कम द्यावी, आणि केवळ तारण न पाहता यंत्रही पाहू शकेल असा जाणकार मंडळात असावा. दरवर्षी नफा मागणारा सावकार आणि हिशेब न देणारा शोधक, दोघेही कार्याचा घात करतात.

द्रव्यदाता कायमचा नसतो. पंजाब सरकारने पुढे आपला हिस्सा विकला, २००७ साली कंपनी महिंद्र समूहाकडे गेली. ‘स्वराज’ मात्र आजही शेतात चालतो. पिंजोरचा ट्रॅक्टर-कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. एवढ्यावरून घरचे तेवढे चांगले असा सिद्धांत काढू नये. पण रोप तग धरीपर्यंत पाणी घालणारा कोणीतरी लागतो, आणि ते कर्तव्य एखाद्या धनिकाच्या औदार्यावर न सोडता समाजाने आपल्या संस्थांमार्फत पार पाडले पाहिजे.