ऋणनिर्देशात लिहिता न येणारी मदत

विद्यापीठांच्या आसपासच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांतून छपाई आणि बायंडिंगसोबत आता मजकूरही मिळतो. शेवटच्या वर्षाच्या ‘ब्लॅक बुक’पासून, म्हणजे प्रकल्प-अहवालापासून, पीएच.डी.च्या प्रबंधापर्यंत सारे पैसे मोजून लिहून घेता येते, आणि या व्यवहाराला ‘मदत’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मदत घेण्यात गैर काही नाही. संशोधन एकट्याने होतच नाही. ग्रंथपाल संदर्भ काढून देतात, संख्याशास्त्राचा जाणकार आकडेमोड तपासतो, कुणी मुद्रितशोधन करते. त्यांच्यासाठी प्रबंधात ऋणनिर्देशाचे पान असते, आणि माझ्या मते मदतीची मर्यादाही त्याच पानावर ठरते. जिचा उल्लेख तिथे नावानिशी करता येतो ती मदत रास्त. ‘तिसरे प्रकरण अमुक यांनी लिहून दिले’ असे मात्र कोणी छापणार नाही, कारण तसे छापताच स्वतःच्या सहीचे प्रतिज्ञापत्र खोटे ठरते.

आपली सगळी दक्षता मात्र उचलेगिरी पकडण्यात खर्च होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दुसऱ्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत गेले तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ६० पर्यंत गेले तर वर्षभर सुधारित प्रबंध देण्यास मनाई, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. पण पैसे घेऊन नव्याने लिहिलेला मजकूर आधीच्या कशाशीच जुळत नाही. तो सॉफ्टवेअरच्या चाळणीतून सहज पार होतो, आणि स्वतः धडपडत लिहिणारा, चार ठिकाणी अवतरणचिन्हे विसरलेला विद्यार्थी अडकतो. या साऱ्या प्रकारातला हा अन्याय मला सर्वांत जास्त बोचतो.

मदतीच्या या मर्यादेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप भाषेचा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजीत प्रबंध लिहायला लावायचे आणि तिने वाक्ये कुणाकडून सुधारून घेतली की तिच्याकडे बोट दाखवायचे, हे क्रूर आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून भाषा तपासून घेण्याचा हक्क सिद्ध होतो, लेखक भाड्याने घेण्याचा नाही. संपादकाने क्रियापदे दुरुस्त केली तरी प्रतिपादन, पुरावा आणि निष्कर्ष तिचेच राहतात. तोंडी परीक्षेत ती त्यांची बाजू मांडू शकते. अशी भाषिक मदत विद्यापीठांनी स्वतःच मोफत द्यायला हवी, म्हणजे दुकानाची पायरी चढण्याचे एक खरे कारण तरी संपेल. दुसरे म्हणणे असे, की नोकरी आणि वेतनवाढ पदवीला बांधली की बाजार उभा राहणारच. बाजार का उभा राहिला ते यातून कळते. खरेदी करणाऱ्याला सूट मिळत नाही. त्याच्याशी एकाच जागेसाठी स्पर्धा करणाऱ्याने चार-पाच वर्षे पुराभिलेखागारात किंवा गावोगावच्या सर्वेक्षणात घातलेली असतात.

ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये असे लेखन विकणे कायद्याने गुन्हा ठरवले. दोन्हीकडे रोख विकणाऱ्यावर आहे, विद्यार्थ्यावर नाही. आपल्याकडेही तसा कायदा हवा. पण त्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला दर सत्रात सल्लागार समितीपुढे आपले काम मांडावे लागते. त्या बैठकीत तयार स्लाइड पाहण्याऐवजी कच्चा खर्डा मागावा: टिपणे, मुलाखतींच्या वह्या, खोडलेली पाने, बदललेला निष्कर्ष आणि तो का बदलला याचे उत्तर. आठ जणांचे एवढे वाचणे कुठल्याही मार्गदर्शकाला अशक्य नाही. आणि ते न वाचता प्रबंधाच्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या मार्गदर्शकालाही, विद्यार्थ्याइतकाच, विद्यापीठाने जाब विचारला पाहिजे.