वाटणीची गोष्ट आईबापांच्या हयातीतच व्हावी

मालिद्याच्या ताटाभोवती एकत्र बसणारी भावंडे आईबाप गेल्यावर एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात, ही गोष्ट आपल्या समाजात आता नवलाची राहिलेली नाही. कज्जाचे कारण तरी केवढे? दिमोना किंवा लोद येथील दोन-अडीच खोल्यांचे घर, आणि फार तर अलिबागकडे राहिलेला नारळीच्या वाडीचा तुकडा. मिळकत मूठभर आणि वैर मात्र पिढीला पुरेल इतके!

आणि तरीही कोणी हा विषय काढला की, "आईबाप जिवंत असताना वाटणीची अभद्र भाषा कशाला?" असे म्हणून त्याला गप्प बसविण्यात येते. आम्हांस हे मुळीच मान्य नाही. याकोबाने मरणापूर्वी आपल्या मुलांना जवळ बोलावून जे सांगायचे ते सर्वांसमक्ष सांगितले. सलाफहादाच्या पाच मुलींनी आपला हिस्सा मोशेपुढे व सर्व मंडळीपुढे उभे राहून मागितला. उघड बोलणे अभद्र असते तर तोरामध्ये त्याला जागा मिळाली नसती.

काही म्हणतात, "कायदा आहे, तो पाहून घेईल." इस्राएलच्या 1965 च्या वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसल्यास, मागे राहिलेल्या पतीला किंवा पत्नीला निम्मी मिळकत मिळते आणि उरलेली मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांत सारखी वाटली जाते. पण आजारी आईचे कोणी केले, घराचे हप्ते कोणी भरले, हे कायदा विचारीत नाही. भावंडे मात्र विचारतात, आणि तेही सात दिवसांचा शोक संपतो न संपतो तोच.

काही घरांत गुपचूप मृत्युपत्र केले जाते. एका मुलाला ठाऊक, बाकीचे अंधारात. अशांनी एवढे ध्यानात घ्यावे की ज्याला हिस्सा द्यायचा तोच साक्षीदार झाला किंवा मृत्युपत्र करण्यात त्याने भाग घेतला, तर त्याला दिलेला हिस्सा हाच कायदा रद्द ठरवितो. शिवाय स्वहस्ते लिहून तारीख व सही केलेले मृत्युपत्र इस्राएलात साक्षीदारांवाचून चालते. भारतातील जमिनीसाठी मात्र 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार लागतात. म्हणजे इकडचा कागद तिकडे निरुपयोगी, आणि वाडी विकायची तर सर्व वारसांच्या सह्या गोळा करीत फिरा!

पूर्वी जमातीत मुकादम आणि चौगुले भांडणे मिटवीत. आज तेच काम मध्यस्थ करतो. हिब्रूत अशा मध्यस्थीला गिशूर म्हणतात. आमचा आग्रह असा की ही मध्यस्थी मृत्यूनंतर नव्हे, आधी व्हावी. मध्यस्थ नात्यातला नसावा. भारतात राहिलेल्या भावाला आणि सासरी गेलेल्या बहिणीलाही बोलवावे, येता येत नसेल तर फोनवर घ्यावे. प्रत्येकाने मनातले बोलावे. निर्णय मात्र आईबापांचाच.

पण येथेच थांबू नये. कोणी जिवंत असताना त्याच्या वारशाविषयी मुलांनी आपसांत केलेला करार किंवा सोडलेला हक्क इस्राएलचा कायदा मानीत नाही. म्हणून समजूत झाल्यावर आईबापांनी, मुलांना बाहेर ठेवून, वकिलासमोर आपले मृत्युपत्र करावे. भारतात मिळकत असल्यास तिचाही विचार त्यातच व्हावा.

"अशाने वडीलधाऱ्यांचा मान जातो," ही भीती खोटी आहे. बापाच्या माघारी मुले कोर्टात एकमेकांविरुद्ध उभी राहिली, तर त्याचा कोणता मान राहिला? पेसाखनिमित्त मुले घरी येतील. सण झाल्यावर त्यांना एक दिवस थांबवून घ्या आणि हे बोलणे सुरू करा.